इंजिन काम केल्यावर कॉम्प्रेशन कमी दाखवतंय, दोन नंबरला तर फारच कमी. परत खोलू का थांबू? (मारुती ८००)

घाटावरची_८००

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहितोय.

गाडी मारुती ८००, १९९८ ची, कार्बोरेटरवाली. वडिलांची गाडी, ते आता नाहीत, आणि विकायची नाही हे घरात पक्कं ठरलंय. धूर मारायला लागली होती, प्लग सारखे काळे व्हायचे, म्हणून दोन महिन्यांपूर्वी फुल इंजिन काम करून घेतलं. बोअरिंग-होनिंग (सिलिंडर कापून मोठा करणं, मग दगडाने घासणं), अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन, नवीन रिंगा (पिस्टनभोवतीची कडी), बेअरिंग सेट, हेडला व्हॉल्व लॅपिंग (व्हॉल्व सीटवर घासून नीट बसवणं) आणि व्हॉल्व सील, हेड गॅस्केट नवीन. इंजिन जोडताना मी दोन दिवस तिथेच बसून होतो.

गाडी ताब्यात देताना मिस्त्रींनी सांगितलं की पहिले १००० किमी चाळीसच्या वर जायचं नाही, दाबायची नाही, आणि रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटं जागेवर चालू ठेवायची म्हणजे रिंगा बसतात. मी अगदी तसंच केलं. आम्ही पाचगणीत राहतो, सकाळी थंडी असते त्यामुळे चोक ओढूनच ठेवतो. ऑइल मी स्वतः फुल सिंथेटिक आणून टाकलं, म्हटलं एवढा खर्च केलाय तर ऑइल चांगलंच टाकू.

आता ३२० किमी झालेत. सकाळी चालू केली की निळसर धूर, घाट उतरून खाली परत अॅक्सिलेटर दिला की परत एक ढग, आणि डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेवरून मधोमध आलंय. काल कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) मोजायचा गेज मागवून स्वतः चेक केलं. एक नंबर ११० पीएसआय, दोन नंबर ८५, तीन नंबर ११५. जिथे बघावं तिथे १७० च्या वर पाहिजे म्हणतात. रात्री झोप लागली नाही. परत खोलायला लावू का?

फिलरगेज_पुणे

आधी गेज बाजूला ठेवा आणि कसं मोजलं ते नीट सांगा. इंजिन गरम होतं का, तिन्ही प्लग एकदम काढले होते का, आणि कोणी अॅक्सिलेटर पूर्ण दाबून धरला होता का? या तीनपैकी एक जरी चुकलं तरी आकडा खोटा येतो.

घाटावरची_८००

थंडच होतं. एकेक प्लग काढला, गेज लावला, सेल्फ मारला. अॅक्सिलेटर कोणी दाबला नव्हता, मी एकटाच होतो.

फिलरगेज_पुणे

मग ते आकडे विसरा. असं करा. गाडी फिरवून आणा, पंखा एकदा लागून बंद होईल एवढी गरम करा. कॉइलची वायर काढून ठेवा म्हणजे ठिणगी पडणार नाही. तिन्ही प्लग काढा, कारण दोन प्लग लावलेले असताना सेल्फला त्या दोन सिलिंडरची हवा दाबत बसावं लागतं आणि क्रँक हळू फिरतो, हळू फिरला की रिंगेच्या फटीतून हवा निसटायला वेळ मिळतो. बॅटरी फुल चार्ज पाहिजे, शंका असेल तर दुसऱ्या गाडीची जोडून घ्या. अॅक्सिलेटर मात्र कोणीतरी पूर्ण दाबून धरायला हवा, बटरफ्लाय (कार्बोरेटरमधली हवेची झडप) बंद असेल तर हवा आतच येत नाही मग दाबणार काय. आणि कार्बोरेटरच्या गाडीत तो एकदाच दाबायचा आणि धरून ठेवायचा, पंपासारखा वरखाली करायचा नाही, नाहीतर अॅक्सिलेटर पंप पेट्रोलची पिचकारी मारतो आणि बोअरवरचं, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन निघतं.

प्रत्येक सिलिंडरला मोजून सहा ठोके. पहिल्या ठोक्याला काटा कुठे गेला तेही लिहून ठेवा. चांगल्या सिलिंडरला पहिल्याच ठोक्यात बराचसा काटा चढतो, रिंगा गेलेल्या असतील तर पहिला ठोका कमी आणि मग पायरी-पायरीने चढत जातो, व्हॉल्व लीक असेल तर पहिला कमी आणि पुढेही फारसा चढत नाही.

मग ओली टेस्ट. प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडा, एक-दोनदा सेल्फ मारून पसरू द्या, परत मोजा. ऑइल रिंगा आणि भिंत यांच्यामधली फट तात्पुरती बुजवतं. आकडा चांगलाच वाढला तर दोष रिंगांकडे, जवळजवळ तेवढाच राहिला तर व्हॉल्व किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर मधलं गॅस्केट फुंकतंय अशी शंका घ्यायची, तुमचा एकटा दोन नंबर पडलाय म्हणून मला तरी गॅस्केट वाटत नाही.

आणि एक गोष्ट जी कोणी सांगणार नाही. तुम्ही पाचगणीत आहात. १३०० मीटरच्या आसपास उंची, तिथे हवेचा दाबच समुद्रसपाटीपेक्षा १४-१५ टक्के कमी. आत शिरणारी हवाच पातळ, त्यामुळे मुंबईत जे इंजिन १७५ दाखवेल तेच तुमच्याकडे १५० च्या आसपास दाखवेल आणि तरी ते पूर्ण निरोगी असेल. त्या १७० च्या मागे लागू नका. तिन्ही सिलिंडर एकमेकांपासून किती लांब आहेत ते बघा, १०-१५ च्या आत असले तर मी शांत झोपेन.

बुलेटवाला_सातारा

दादा घाबरू नका, मिस्त्रींनी बरोबरच सांगितलंय. माझी जुनी ३५० कास्ट आयर्न बुलेट, रिबोअर केल्यावर मी १५०० किमी पन्नासच्या वर नेली नाही आणि आज बारा वर्षं झाली थेंबभर ऑइल खात नाही. नवीन इंजिनला त्रास द्यायचा नसतो. हे गरम डोक्याने दाबून रिंगा बसवायचं खूळ नेटवरून आलंय.

उद्यमनगर_बोअरिंग

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एकतीस वर्षं बोअरिंग-होनिंगच्या मशीनवर काढली, आता मुलगा बघतो. म्हणून थोडं लिहितो, रागावू नका कोणी.

बुलेटवाले भाऊ तुमच्या गाडीपुरतं तुमचं बरोबर आहे. ७० मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), ९० चा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), वाऱ्यावर थंड होणारं लोखंडी बॅरल. त्यात नवीन पिस्टन घट्ट असतो आणि तापला की बॅरलच्या आधी फुगतो, तिथे भीती जॅम व्हायची असते. म्हणून हळू. पण हळू म्हणजे वेग कमी, जोर शून्य असं नव्हे, तुम्ही साताऱ्यात राहता, चढ-उतारावर तुमच्या बुलेटला जोर लागलाच असणार. ८०० ला पाणी आहे, रेडिएटर आहे, थर्मोस्टॅट आहे. तिला जॅमची भीती त्या मानाने फार कमी, तिची भीती वेगळी.

आता रिंग बसते म्हणजे काय होतं ते सांगतो कारण हे समजलं की बाकी सगळं आपोआप समजतं. रिंगेचा स्वतःचा ताण असतो, ती बोअरला टेकलेली असते, पण तो ताण फार थोडा. खरा जोर लावतो तो वरचा पेटलेला वायू. तो पिस्टनच्या खाचेत शिरतो, रिंगेच्या पाठीमागे जातो आणि तिला आतून बाहेर भिंतीवर दाबतो. गाडीला जितका जोर द्याल तितका हा दाब जास्त. गाडी जागेवर चालू ठेवली किंवा पाव अॅक्सिलेटरवर चालवली की पाठीमागे दाबच नाही, मग रिंग ऑइलवर नुसती तरंगते.

होनिंगच्या तिरक्या रेघा बघितल्यात ना, त्या का मारतात? जात्याला टाकी लावतात तसं समजा. टाकी ताजी आहे तोवर दगड दगडाला घासून आपली जागा करून घेतो. रेघांची टोकं आणि रिंगेचा चेहरा एकमेकांना घासून बसतात, टोकं झिजतात, खालच्या बारीक दऱ्या राहतात आणि त्यात ऑइल टिकतं. हे सगळं पहिल्या काही तासांत होतं, मी तर म्हणेन पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरातच निम्म्याहून जास्त. त्या काळात जोर दिला नाही तर रिंगेच्या बाजूने वर आलेलं ऑइल भिंतीवर जळून त्याचा चिवट पिवळट थर बसतो, आम्ही त्याला ग्लेझ म्हणतो. दऱ्या बुजल्या, टाकी गेली. मग तुम्ही १०००० किमी चालवा, रिंग बसत नाही. मग इंजिन खोलून नुसता होन मारायचा आणि नव्या रिंगा टाकायच्या, एवढाच इलाज.

तुमच्या बाबतीत तीन गोष्टी एकाच दिशेला गेल्यात. जागेवर रोज वीस मिनिटं चालवली. त्यात चोक ओढून, आणि पाचगणीची पातळ हवा म्हणजे कार्बोरेटर आधीच रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) चालतो, त्यावर चोक, म्हणजे जादा पेट्रोल बोअर धूत बसलं आणि ऑइलमध्ये उतरलं. तिसरं, सिंथेटिक ऑइल. कारखान्यातून सिंथेटिक भरून येणाऱ्या गाड्या आहेत हे मला माहीत आहे पण त्यांचा होन आणि रिंगा त्या हिशोबाने केलेल्या असतात. आपल्या उद्यमनगरी होनला पहिल्यांदा साधं मिनरल २०डब्ल्यू-४० च पाहिजे.

तरीपण ३२० किमी म्हणजे अजून हातातून गेलेलं नाही. पण आत्ता लगेच घाटात दाबायला जाऊ नका. आधी ते पुण्याचे साहेब सांगतात तशी टेस्ट करा, दोन नंबर का पडलाय ते कळू दे. एग्झॉस्टचा व्हॉल्व पूर्ण टेकत नसेल आणि तशात जोर दिला तर व्हॉल्व जळेल, तो सीटला टेकूनच आपली उष्णता हेडला देत असतो.

एक विचारतो, होन मारल्यावर बोअर कशाने धुतला होता ते बघितलंत का? नुसत्या पेट्रोलने पुसून भागत नाही, होनच्या दगडाची बारीक पूड रेघांत अडकून राहते. गरम पाणी आणि साबण, ब्रशने घासून, मग पांढरं फडकं ऑइलमध्ये भिजवून फिरवायचं, फडकं काळपट निघतंय तोवर परत धुवायचं.

घाटावरची_८००

काका मनापासून आभार. धुताना मी होतो, साबणाच्या पाण्यानेच घासला होता, दोनदा. फडक्याचं आठवत नाही.

आज भावाला बोलावून सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. गरम इंजिन, तिन्ही प्लग बाहेर, अॅक्सिलेटर पूर्ण. एक नंबर १३५, दोन १०५, तीन १३८. ऑइल टाकून एक १५०, दोन ११२, तीन १५२. दोन नंबरला पहिल्या ठोक्याला काटा ४० च्या आसपास, बाकी दोघांना ७५-८०.

फिलरगेज_पुणे

झालं की काम. एक आणि तीन ओल्या टेस्टला १४-१५ ने वाढले, म्हणजे रिंगा अजून पूर्ण बसलेल्या नाहीत पण मेलेल्याही नाहीत. ऑइलने थोडी जागाही व्यापली जाते त्यामुळे थोडं तर वाढतंच. दोन नंबर फक्त ७ ने वाढला. तिथे रिंगांपेक्षा वेगळं काहीतरी आहे, माझं मत व्हॉल्व.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट, कधी सेट केले होते? कारण लॅपिंग केलं की व्हॉल्व सीटमध्ये किंचित आत जाऊन बसतो, त्यामुळे त्याची दांडी कॅमच्या बाजूला तेवढीच वर येते आणि रॉकरखालची फट कमी होते. जोडताना ठेवलेली फट थोडं चालल्यावर आणखी कमी होऊ शकते. टॅपेट वाजला तर लोक लगेच ओरडतात म्हणून बरेच जण मुद्दाम घट्टच ठेवतात, पण वाजणारा टॅपेट परवडतो, न वाजणारा व्हॉल्व जाळतो.

थंड इंजिनवर कव्हर काढा, दोन नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन अगदी वर, दोन्ही व्हॉल्व बंद) आणा आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून बघा. माप मॅन्युअलमधलं घ्या, इनटेक-एग्झॉस्टचं वेगळं असतं आणि थंड-गरमचंही वेगळं. आणि फक्त दोन नंबर करून थांबू नका, तिन्ही करा.

फट बरोबर निघाली तर पुढची पायरी लीक-डाऊन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निसटते ते बघायचं. जुन्या प्लगचं चिनी मातीचं पोट फोडून काढा, त्या रिकाम्या कवचाला ट्यूबचा व्हॉल्व वेल्ड करून घ्या, आणि पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरने हवा भरा. पिस्टन बरोबर टीडीसीला पाहिजे आणि गाडी टॉप गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून, नाहीतर क्रँक गर्रकन फिरतो. मग फक्त कान लावायचा. कार्बोरेटरमधून सूं आवाज आला तर इनटेक व्हॉल्व, सायलेंसरमधून आला तर एग्झॉस्ट, ऑइल भरायच्या झाकणातून आला तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

बुलेटवाला_सातारा

बोअरिंगवाल्या काकांनी जे लिहिलंय ते वाचून विचार केला. खरं आहे, माझी बुलेट त्या काळात रोज यवतेश्वरचा चढ चढायची, पन्नासच्या खाली पण जोरातच. म्हणजे मी नकळत बरोबर केलं होतं आणि सल्ला अर्धाच देत होतो.

घाटावरची_८००

सापडलं! दोन नंबरच्या एग्झॉस्टला फिलर गेजचं सगळ्यात पातळ पातंसुद्धा जात नव्हतं, रॉकर अजिबात हलत नव्हता. इनटेकची फट पण कमीच. एक आणि तीनला थोडा फरक होता तोही सेट केला. लगेच परत मोजलं तर दोन नंबर १३० आला. सिंथेटिक काढून २०डब्ल्यू-४० मिनरल आणि नवीन फिल्टर टाकला. काढलेल्या ऑइलला पेट्रोलचा वास येत होता, काका तुम्ही म्हणालात तसाच. आता रिंगा कशा बसवू ते सांगा, मी सांगाल तसं करतो.

उद्यमनगर_बोअरिंग

शाब्बास. आता ऐका, तुमच्या दारात पसरणी घाट आहे, याहून चांगला रस्ता मला हवा असता तरी मिळाला नसता.

शनिवार-रविवार सोडून पहाटे निघा, पर्यटकांची गर्दी नको. चालू केल्यावर अर्ध्या-एका मिनिटात हलवा, चोक इंजिन धरेल तेवढाच आणि लवकर आत. आधी पाच-सात किलोमीटर टेबललँडच्या बाजूला सपाटीवर फिरवून गाडी नीट गरम करा. मग वाईकडे उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये, चढ-उतार बघून दुसऱ्या, पाय अॅक्सिलेटरवरून पूर्ण काढलेला. न्यूट्रल कधीच नाही, ते ब्रेकसाठी पण वाईट. पाय काढलेला असताना सिलिंडरमध्ये ओढ तयार होते, ऑइल वर येतं आणि घासून निघालेला बारीक चुरा धुऊन खाली जातो. म्हणून उतारावर थोडा धूर दिसला तर घाबरू नका.

वाईच्या सपाटीवर तिसऱ्या गिअरमध्ये ४० वरून ६५-७० पर्यंत, पाऊण अॅक्सिलेटर, सलग वाढवत न्या आणि मग पाय काढून गिअरमध्येच परत ४० वर येऊ द्या. असं दहा-बारा वेळा. मध्ये दोन-तीन मिनिटं आरामात चालवा. मग घाट चढा. टॉप गिअरमध्ये ढकलत चढायचं नाही, इंजिन कण्हायला लागलं की खालचा गिअर, जोर पाहिजे पण गुदमरवायचं नाही. तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा, मध्याच्या वर चढायला लागला तर बाजूला घेऊन थांबा. पंधराशे-दोन हजार फुटांचा चढ एका दमात काढलाच पाहिजे असं काही नाही.

एकाच वेगात तासभर चालवणं टाळा. ही फेरी तीन-चार दिवस करा, मग २०० किमीवर ऑइल परत बदला, त्यात चमक दिसेल, तीच झिजलेली टोकं आहेत. पातळ चमक ठीक, बोटाला टोचणारा कण निघाला तर मला लगेच लिहा. सिंथेटिकचा विचार तीन-चार हजार किमीनंतर करा.

आणि कोणी कार्बोरेटरमधून पावडर सोडून ग्लेझ काढून देतो म्हणाला तर त्याला गाडीला हात लावू देऊ नका. ती पूड बेअरिंगमध्ये जाते.

रेंच_पाना

मध्येच विचारतो, दोन नंबरची सेकंड रिंग उलटी बसलेली असू शकते का? माझ्या एका गाडीत तसं झालं होतं, कॉम्प्रेशन ठीक पण ऑइल भयंकर खायची.

उद्यमनगर_बोअरिंग

असू शकते, चांगला प्रश्न. सेकंड रिंगेचा चेहरा बहुतेक वेळा तिरका असतो, उतरताना ऑइल खरवडून खाली न्यायचं तिचं काम. उलटी बसली की तेच ऑइल ती वर चढवते. रिंगेवर छोटा मार्क असतो तो वरच्या बाजूला यायला हवा. पण मग तो एकच प्लग ऑइलने ओला होतो, बाकीचे कोरडे. तुमचे प्लग कसे आहेत हो पाचगणीकर?

घाटावरची_८००

तिन्ही सारखेच होते, काळे पण कोरडे, भुसभुशीत काजळी. ती चोकची असावी. रिंगा चढवताना मार्क वर आहे का ते मी स्वतः बघितलं होतं, फटी पण वेगवेगळ्या दिशेला ठेवल्या होत्या.

उद्यमनगर_बोअरिंग

मग रिंग सरळ आहे. जा घाटात.

घाटावरची_८००

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी. घाटाच्या सात फेऱ्या झाल्या, एकूण मीटर आता ७४० किमी. पहिल्या दोन फेऱ्यांना उतारानंतर धूर होता, तिसरीपासून कमी होत गेला, आता सकाळी चालू केल्यावर हलकासा दिसतो आणि रस्त्यावर काहीच नाही. ऑइल परत बदललं, उन्हात धरलं तर बारीक रुपेरी चमक होती, कण एकही नाही. टॅपेट परत चेक केले, दोन नंबरच्या एग्झॉस्टची फट पुन्हा किंचित कमी झाली होती, सेट केली, अजून ५०० किमीनंतर परत बघणार आहे.

आज सकाळी गरम इंजिनवर, तीच पद्धत, त्याच गेजने: एक १५०, दोन १४६, तीन १५१. ओली टेस्ट पण केली, ४-५ च्या वर कुठेच वाढलं नाही. शेवटच्या ऑइल बदलानंतर १९० किमी झालेत, डिपस्टिक खुणेपासून सुताभर खाली आहे, त्यावर लक्ष ठेवतोय. ज्यांनी काम केलं त्यांच्याकडे जाऊन शांतपणे आकडे दाखवले, त्यांनी लिहून घेतले.

रेंच_पाना

भारीच. गेज कुठला घेतलात? माझ्याकडे रबर दाबून धरायचा आहे, त्याने दोनदा मोजलं की दोन वेगळे आकडे येतात.

घाटावरची_८००

आट्यांचा घ्या, प्लगच्या जागी फिरवून बसणारा. ८०० ला १४ मिलिमीटरचा लागतो. हाताने घट्ट करा, पान्याने नको, आतला ओ-रिंग कापला जातो. साताऱ्याला आलात तर फोरमवर निरोप टाका, माझा घेऊन जा.